शेवटच्या नंबराचा ड्रमवाला

…आणि वर मलाच म्हणतात, बॅरी, तू मध्ये बोलू नकोस, तुला यातलं कळत नाही. मला! अहो, ज्या अल्बमवरून ही माणसं दरवर्षी भांडतात त्या अल्बमवर ड्रम कोणी वाजवलेत? मी वाजवलेत. मागच्या बाजूला नाव आहे माझं, बॅरी हिंडल, बारीक आहे, चष्मा लावावा लागतो, पण आहे. तर म्हणतात, तू नुसता वाजवणारा, ऐकणारे आम्ही. बरं बाबा. मी आपला गप्प. मला काय त्याचं?

तुम्हाला सांगतो, 'द कोल्ड टॅप्स' हे आमच्या बँडचं नाव तुमच्या कानावर आलं नसेल तर तुम्ही सुखी माणसं आहात. इथे सॅल्फर्डमध्ये ती सोय नाही. पंक म्हणून आरडाओरड्याचं संगीत होतं, ते पंकवाले तीन सूर वाजवायचे. पंक संपल्यावर आमच्यासारखे आले, त्यांनी त्यातलेही दोनच ठेवले, आणि त्याला पोस्ट-पंक म्हणायला लागले. आमची ग्लेंडा क्रॉम्प्टन तेव्हा शाळेच्या जेवणघरात वाढायला होती. गाते म्हणजे काय, शेजारणीने कुंपणावरून कचरा टाकल्यावर बाई जशी बोलेल तशी बोलते, आणि मागे आम्ही वाजवतो. तेवढ्यावर तिने अठ्ठावीस अल्बम काढलेत, अजून काढतेय, देव तिला आयुष्य देवो आणि आम्हाला सहनशक्ती. बँड मात्र दर हिवाळ्याला नवा. चहा गार आणला, काढला. लग्न ठरवलं, काढला. आज सॅल्फर्डमधल्या कुठल्याही दाराची घंटा वाजवा, कोल्ड टॅप्समधून काढलेला माणूस, नाहीतर निदान त्याचा मेहुणा तरी दार उघडतो.

मला का घेतलं? माझ्याकडे व्हॅन होती. ड्रमही होते, पण ते ग्लेंडाला नंतर कळलं.

त्र्याऐंशीचा हिवाळा. रॉचडेलला गालिच्याच्या गोदामावर एक खोली होती, खिडकीची काच फुटलेली, हीटर एकच आणि तो ग्लेंडाच्या पायाशी. मी ओव्हरकोट घालून वाजवलंय सगळं. कोपर वर जाईना हो! मग एका साप्ताहिकात छापून आलं, 'ड्रम ऐकून कोणीतरी रिकामा बिस्किटाचा डबा शोधतोय असं वाटतं.' अल्बमचं नाव 'बाकी सर्व ठीक'. त्यानंतर एका सकाळी व्हॅन चालू झाली नाही आणि माझी संगीतसेवा संपली. पुढे मी बेकरीचा पाव पोचवला, निवृत्त होईपर्यंत.

तर आता या लोकांचं ऐका. 'थ्री शटल्स' म्हणून आमचा पब आहे, त्याच्या मागच्या खोलीत दर फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी हे सगळे भक्त जमतात आणि अठ्ठावीस अल्बमांचे नंबर लावतात. गुप्त मतदान. अध्यक्ष क्लाइव्ह एंटविसल, भूगोलाचा मास्तर होता, शाळा सुटली तरी घंटा सुटली नाही, पितळी आहे, सोबत आणतो. टण्ण. "मित्रहो, 'ओला पाव' हा सर्वश्रेष्ठ आहे. तो अल्बम नाही, ते हवामान आहे." की उठलीच आमची गेनर. गेनर ओलरेनशॉ, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, सगळे अल्बम दोन-दोन प्रतीत, एक ऐकायला, एक न ऐकायला. "क्लाइव्ह, 'ओला पाव' तुला आवडतो कारण तो निघाला तेव्हा तुला केस होते. श्रेष्ठ एकच, 'बुधवारी दुपारनंतर बंद'." क्लाइव्ह म्हणतो, "गेनर, त्या बुधवारी दुपारनंतर तुझं काय चालू होतं ते आम्हाला माहीत आहे." झालं. मग डेझमंड, आमचा जुना पोस्टमन, शांत माणूस, तो म्हणतो की ग्लेंडाला सर्दी होती तोच खरा काळ, आणि मग खोलीत प्रत्येक जण स्वतःच्या विशीतलाच अल्बम धरून बसतो, कुणी हटत नाही, हटणार कसा? आपली विशी दुसऱ्या नंबरावर कोण टाकेल?

पण वरच्या नंबराचं काहीही होवो, खालचा ठरलेला. अठ्ठाविसावा कोण? 'बाकी सर्व ठीक'. दरवर्षी. आणि मी तिथेच बसलेलो, समोर बिअर. मी आपला गप्प. मला काय त्याचं?

आता एक पद्धत आहे आमच्यात, ती क्लाइव्हनेच पाडली. शेवट आलेला अल्बम तिथल्या तिथे पूर्ण वाजवायचा. क्लाइव्ह म्हणतो, फाशी देतानाही माणसाला शेवटचं बोलू देतात. पहिला आलेला कोणी वाजवत नाही, तो सगळ्यांना पाठ असतो. तेव्हा घंटा होते, तबकडी फिरते, बाहेरून मटण-बटाट्याचं हॉटपॉट येतं, सोबत लाल कोबीचं लोणचं, आणि सगळे नाकं मुरडत माझा अल्बम ऐकतात. माझी बायको डोरीन तेवढ्यासाठी येते. म्हणते हॉटपॉटसाठी.

आणि मग तिसरं गाणं. तिसऱ्या गाण्यात ड्रम मध्येच थांबतात. एकदम. नुसती शांतता, ग्लेंडासुद्धा गप्प, आणि पुन्हा सुरू. या शांततेवर गेनरने एकदा अख्खी दुपार भाषण केलंय. "बंद पडलेल्या गिरण्यांचं मौन आहे ते!" क्लाइव्ह म्हणतो, गिरण्या नव्हे, ती बर्फ पडण्याआधीची हवा. मी एकदा, एकदाच, म्हटलं, "अरे बाबांनो, माझ्या हातातली काठी पडली आणि हीटरखाली गेली." खोली माझ्याकडे बघायला लागली. गेनरने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, "बॅरी, तुला तसं वाटत असेल, राजा."

पण काय होतं, ती शांतता आली की सगळी खोली ग्लास वर धरते. कोणी बोलत नाही. घास तोंडात तसाच. आणि माझा ड्रम परत आला, धाड, की सगळे एकदम पितात आणि डोरीन टेबलावर हात आपटते. खोटं कशाला बोलू, वर्षातनं तेवढा एक क्षण… जाऊ द्या.

तर गेल्या शरदात मी हॉस्पिटलात. छाती. क्लाइव्ह द्राक्षं घेऊन आला, अर्धी स्वतःच खाल्ली, आणि जाताना विचारतो, "बॅरी, काही हवंय का?" आता नळ्या लावलेल्या माणसाला असं विचारतात का? बोलून गेलो. म्हटलं, "क्लाइव्ह, डोळे मिटायच्या आत एकदा, फक्त एकदा, मला शेवटून वर आलेलं बघायचंय." क्लाइव्ह कडक. "मतदान गुप्त असतं, बॅरी. अध्यक्षाला असं काही सांगू नये." म्हटलं, राहिलं. आणि तो गृहस्थ तिथून निघाला तो प्रत्येकाला, फक्त तुलाच सांगतो म्हणून, सांगत गेला.

मी वाचलो हो, हे दिसतंयच तुम्हाला. फेब्रुवारी आला. डोरीनने माझा टाय बांधला. मी म्हटलं, "टाय कशाला? शेवट तर यायचंय." ती म्हणते, "शेवट आलास तरी अंगभर येशील."

टण्ण. क्लाइव्ह खालून वाचायला लागला. "अठ्ठाविसावा… 'सरकारी पडदे'." मी अर्धा उठलो होतो, सवयीने. तसाच राहिलो. सत्ताविसावा दुसरा, सव्विसावा तिसराच, आणि माझं नाव येईना, येईना, छातीचं तर तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी बघायला हवं होतं. डोरीनने माझा हात धरला. "चौदावा, 'बाकी सर्व ठीक'," आणि लगेच, श्वास न घेता, "तेरावा…" गेला पुढे.

चौदावा! मी इकडे तिकडे बघतो, गेनर छताकडे बघतेय, डेझमंड बुटांकडे. मग बिअर आणायला गेलो तर गेनर मागून आली, कानात म्हणते, "मी तुला मधोमध टाकलं. कुणाला बोलू नकोस, बाकीचे ऐकायचे नाहीत." ती गेली, डेझमंड आला. "बॅरी, एक सांगू? मीच तो. मधोमध." मग क्लाइव्ह, अध्यक्ष, आवाज खाली करून, "नियमाबाहेर आहे, पण…" म्हणजे सगळ्यांनी! प्रत्येकाने एकेकट्याने, दुसऱ्याला नकळत. आमच्याकडे माणूस मायेने काही करतो तेव्हा चोरी केल्यासारखं तोंड करतो. माझे डोळे भरून आले, मी सगळ्यांच्या वाटची बिअर आणली, बघा, इतका खूश.

परत येऊन बसतो तो टण्ण. तबकडी फिरायला लागली. हॉटपॉट आलं. आणि डोरीन मला कोपर मारते. "अरे, हे आपलं नाही."

नव्हतंच आमचं. 'सरकारी पडदे' होतं. शेवटचं ते आलं होतं ना, मग तेच वाजणार. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं हो. कुणाच्याच आलं नव्हतं. इतकी शिकलेली माणसं, बाराजणं मिळून माझा नंबर वाढवतात, आणि एकाच्याही डोक्यात येत नाही की मधल्याला कोणी वाजवत नाही! वरच्यासाठी भांडतात, खालच्याला ऐकतात. चौदाव्याचं काय? कोणी शिवीसुद्धा दिली नाही. मी आपला गप्प. मला काय त्याचं?

आणि 'सरकारी पडदे'वर ड्रमवाला नाही. यंत्र आहे. यंत्राच्या हातून काठी पडत नाही. तिसरं गाणं आलं, आणि सवयीने, तुम्हाला सांगतो, सगळ्या खोलीने ग्लास वर केले. सगळ्यांनी. डोरीनचा हात टेबलावर आपटायला तयार. आणि ते यंत्र आपलं टकटक टकटक चाललंय, थांबतच नाही. मग एकेकाने हळूच ग्लास खाली ठेवला. कोणी कुणाकडे बघेना. डोरीनने तोच हात फिरवून माझ्या टायची गाठ सारखी केली. गाठ सारखीच होती.

निघताना मी क्लाइव्हला दारात गाठलं. म्हटलं, "क्लाइव्ह, तुम्ही केलंत ते फार केलंत. पण पुढच्या वर्षी मला परत आपला शेवटचा नंबर द्या."

क्लाइव्हने घंटा रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली, आणि भूगोलाच्या मास्तराच्या आवाजात मला म्हणतो, "बॅरी, तसं सांगून मिळत नाही. शेवटचा नंबर कमवावा लागतो."

मी आपला गप्प.