पोटऱ्यांतलं विष

ताई : हलू नकोस. मान सरळ ठेव.

धाकटा : परत टोचणार कानाला?

ताई : तूच म्हणालास ना, रक्तातल्या लॅक्टेटचा आकडा चुकलाय म्हणून.

धाकटा : चुकलाच असणार. रक्ताच्या थेंबात घाम मिसळला असेल. घामातही लॅक्टेट असतं, तूच सांगतेस सगळ्यांना.

ताई : कानाची पाळी मी दोनदा पुसली. पहिला थेंब टाकून दिला. खेळाडूंचे इतके कान टोचलेत मी या तपासणीच्या खोलीत, सोनारानेही टोचले नसतील.

धाकटा : मग मशीन बिघडलंय.

ताई : तुझ्याआधी ती सायकलवाली येऊन गेली. तिचं बरोबर आलं. थांब जरा… आला.

धाकटा : किती आला?

ताई : तेवढाच आहे.

धाकटा : नीट बघ.

ताई : नीटच बघतेय रे. ज्या वेगाला तू गेल्या वर्षी या धावत्या पट्ट्यावर शिट्टी वाजवत पळायचास, त्या वेगाला आज रक्तात लॅक्टेट साठतंय. बाबा गेल्यापासून किती धावलास? खरं सांग.

धाकटा : नाही धावलो.

ताई : अजिबात? अरे, आईला तर रोज सांगतोस मैदानावर जातो म्हणून.

धाकटा : जातो की. बाबांच्या बाकावर बसतो आणि येतो.

ताई : का पण?

धाकटा : सांभाळून ठेवायचं होतं. हे पाय, हा दम, सगळं त्यांनी घडवलं. वाटलं, एकटा धावलो तर काहीतरी वाकडं करून ठेवीन. हातच नाही लावला, तर त्यांनी सोडलं तसं राहील.

ताई : वेडा आहेस का? घडी घालून कपाटात ठेवायला ते कापड आहे?

धाकटा : मग काय आहे ते?

ताई : हे बघ, जोरात धावलं की लॅक्टेट सगळ्यांच्याच स्नायूंत तयार होतं. रोज लांब धावणाऱ्याच्या अंगात ते जाळायची सोय वाढलेली असते. पेशींमध्ये बारक्या भट्ट्या असतात म्हण. सरावाने त्या वाढतात, आणि माल आतबाहेर करायची दारंही वाढतात. एका स्नायूने टाकलेलं शेजारचा खातो, हृदय खातं, यकृत त्याची परत साखर करतं. धावणं थांबलं की शरीराला वाटतं, एवढा पसारा कशाला. मग ते आवरायला घेतं.

धाकटा : विचारतसुद्धा नाही.

ताई : नाही विचारत.

धाकटा : म्हणजे मी जपत बसलो, आणि ते आतून चाललं होतं.

ताई : हो रे.

धाकटा : पण खातं काय म्हणतेस? ते तर विष ना? बाबा रोज पोटऱ्या चोळून विष उतरवायचे.

ताई : विष नाहीये ते. सरपण आहे. आणि चोळून उतरतही नाही. जरा हळूहळू चाललास की तासाभरात शरीर आपलं आपण संपवतं.

धाकटा : मग इतकी वर्षं ते फुकटच चोळत होते? तू सांगितलं का नाहीस त्यांना?

ताई : सांगितलं होतं. इथे नोकरी लागली तेव्हाच. स्वयंपाकघरात गाठलं त्यांना आणि चांगलं ऐटीत समजावलं.

धाकटा : मग?

ताई : म्हणाले, ठाऊक आहे मला. डॉक्टरांनी मागेच सांगितलंय. त्याला मात्र सांगू नकोस.

धाकटा : का?

ताई : म्हणाले, मैदानावर मी त्याच्यावर नुसता ओरडतो. घरी तो माझ्याशी बोलत नाही, आणि मलाही काही सुचत नाही. पाय चोळताना तेवढा जवळ बसतो. विष नाही म्हटल्यावर कशाला बसेल?

(धाकटा टॉवेलात तोंड खुपसून रडतो. ताई मशीन बंद करते. बाकी आवरायचं सोडून ती त्याच्याजवळ स्टूल ओढून बसते.)

धाकटा : मी तेव्हा मोबाइल बघत बसायचो गं.

ताई : बघत होतास. पण पाय काढून घेतला नाहीस कधी.

धाकटा : आता धावलो तर परत येईल?

ताई : येईल. काही आठवड्यांत फरक दिसायला लागेल.

धाकटा : बाबांनी केलेलं?

ताई : ते नाही. ते गेलं रे. आता येईल ते तू केलेलं असेल. मला तुझ्याशी खोटं नाही बोलता येत.

धाकटा : उद्या येशील मैदानावर? त्यांच्या बाकावर बसायला?

ताई : येईन. पण मला ओरडता येत नाही हं.

धाकटा : नुसती बस.

ताई : बरं. बूट काढ.

धाकटा : कशाला?

ताई : पाय इकडे कर.

धाकटा : विष नाही म्हणालीस ना?

ताई : नाहीच आहे. कर इकडे.