झंझावाताला पाय फुटले

नाही, पण पाय कुठे आहेत, मी म्हणतो! सांगा ना, तुम्हीच सांगा! छाती आहे, दंड आहेत, पोटावरचे स्नायू म्हणाल तर मी स्वतः मोजले, चौदा... माणसाला इतके असतात का हो? असू देत! पण घोट्याच्या खाली काय? धूर! दुसऱ्या पानावर? गवत! तिसऱ्या पानावर साहेब गुडघाभर पाण्यात उभे! आणि आमचे मालक म्हणतात, "पुतळा हुबेहूब चित्राप्रमाणे करा." अहो, धुराचा पुतळा करू? कागदावर चालतं हो... मातीत नाही चालत!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी हेच करतोय. कॉमिक्समधले सुपरहिरो मातीत घडवायचे, मग त्यांचे साचे निघतात, आणि ते हातभर पुतळे संग्राहक मंडळी नेतात अन् काचेच्या कपाटात ठेवून रोज पुसतात. आता हा झंझावात. हिरो एकच, पण आजवर त्याला काढणारे तीन! पहिले थोरले चित्रकार. त्यांचा झंझावात म्हणजे बँकेतला सज्जन कॅशियर... गोल चेहरा, किंचित पोट, सहा रेघांत माणूस उभा! चार दिवसांत माझा पुतळा तयार. मग आले सावलीवाले. त्यांनी अर्धा चेहरा काळ्या शाईत बुडवला. आता त्या शाईतला डोळा उघडा की मिटलेला, हे मी कुणाला विचारू? मी आपली भुवई जाड केली, नाक पुढे काढलं, म्हटलं वरून उजेड आला की पडेल सावली. तर संग्राहकांची पत्रं, "आमच्या कपाटात दिवा खालून आहे!" घ्या! कागदावर चालतं हो... मातीत नाही चालत!

आणि तिसरे हे धाकटे, सगळी तरुण पिढी यांच्यावर फिदा. छाती कपाटाएवढी, कंबर मनगटाएवढी, आणि खाली धूर. मी मुकाट्यानं पहिला नमुना केला, घोट्यांना धुराचे गोळे लावले. मालक आले, कौतुकानं वाकले, धूळ उडवायला हलकीच फुंकर मारली... आणि जगाचा तारणहार धाडकन तोंडावर! नाक एकीकडे, झंझावात एकीकडे!

मालक शांतपणे म्हणाले, "प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. तुम्हाला झेपत नसेल तर बाहेरून करून घेऊ." बाहेरून! बावीस वर्षांनी! तुम्हाला हसू येतंय, मी तशाच मातीच्या हातांनी उठलो हो.

तडक धाकट्यांच्या घरी गेलो. वाटलं, असेल कुणी दणकट, मिजासखोर. दार उघडलं ते एका किडकिडीत माणसानं, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. म्हटलं, "साहेब, बाकी काही नको, फक्त दोन पाय काढून द्या." त्यानं इकडेतिकडे बघितलं, दार लावलं, आणि हळूच म्हणतो, "काका, कुणाला सांगू नका... मला पाय जमत नाहीत."

"जमत नाहीत म्हणजे?"

"बटाट्यासारखे होतात. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझे पाय फळ्यावर लावले होते, अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून धूरच काढतो. लोक म्हणतात, ही माझी शैली."

शैली! अहो, तिच्यापायी माझी नोकरी चालली होती! चांगला रागावणार होतो मी... पण तो असा उभा होता, जणू अजून फळ्यासमोरच. म्हटलं, "असू दे. मी बघतो."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणे, "मग? तुम्हाला आहेत ना दोन?" मला स्टुलावर चढवलं, विजार गुडघ्यापर्यंत वर, समोर आरसा. "छाती काढा!" "अगं, मला पायच हवेत!" "छाती काढली की पाय वेगळे पडतात!" आणि खरंच पडत होते हो! तळवे सपाट, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, उजवा पाय बाहेर फेकलेला... होते तसे केले. मालकांनी टेबल गदागदा हलवलं, झंझावात हलला नाही!

प्रदर्शनात एक गृहस्थ भिंग घेऊन वाकले. "अहाहा! काय ते पाय! चित्रकाराची शैली म्हणतात ती हीच! पायांतसुद्धा दिसते!" मी मागेच उभा. कोपऱ्यात धाकटे, कानापर्यंत लाल झालेले. जाताना एक पुतळा मागून घेऊन गेले.

आणि पुढचा अंक आला... पहिल्याच पानावर पाय! पानभर! धूर नाही, गवत नाही! सपाट तळवे, लांब बोट, उजवा बाहेर! पुतळा समोर ठेवून शिकला पठ्ठ्या. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. बायको पान बघून म्हणाली, "नखं कापायला हवी होती तुमची."

काल मालकांनी तेच पान माझ्यापुढे आपटलं. "नवा पुतळा करायचाय. आता चित्रकारानं पाय स्पष्ट दाखवलेत, तेव्हा या खेपेला मनाचं काही करू नका. अगदी असेच पाय हवेत. जमतील?"

मी आपलं पान निरखून पाहिलं. म्हटलं, "अवघड आहेत साहेब... पण बघतो प्रयत्न करून."