समोरच्या घरची किल्ली

किल्ल्या करणाऱ्याचे डोळे कानशीवर होते, पण कान समोरच्या दोघी बहिणींकडे. थोरलीच्या नव्या घराची जादा किल्ली करायची होती.

“ताई, राहतं घर विकलंस कशाला? समोर राहायला आलेल्या नव्या लोकांचा त्रास होता का?”

“छे गं! साधी माणसं आहेत. त्यांची भाषा मला कळत नाही, माझी त्यांना. पण दिसली की हसतात.”

“मग?”

“आधी वरचे मास्तर गेले. मग समोरच्या वहिनी लेकाकडे गेल्या, आणि त्यांच्या जागी ही मंडळी आली. सहा महिन्यांमागे कचरा ठेवायला बाहेर आले, तर वाऱ्यानं दार लागलं. किल्ली आत! माझी दुसरी किल्ली जन्मभर वहिनींच्या दारामागच्या खिळ्याला असायची. त्या दिवशी जिन्यात बसून राहिले.”

“समोरचं दार वाजवायचंस की!”

“नाही धजले. म्हटलं, जिथं किल्ली ठेवायला माणूस उरलं नाही, तिथं राहायचं कशाला? दिलं विकून.”

“जाऊ दे, झालं ते झालं.”

“कसलं झालं! काल समोरची सून आली, पोर कडेवर. हसली, खुणा केल्या, आणि तिच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवून गेली.”

“अगं बाई! तू चालली आहेस हे सांगितलंस ना?”

“कुठल्या खुणेनं सांगू?”

किल्ल्या करणाऱ्याची कानस थांबली.

“मग काय केलंस?”

“काय करणार? दारामागे खिळा ठोकला. परवा टेम्पो यायचाय.”