राखेनं घासलेली नाणी

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसून घ्या, खुर्च्या आहेत.

तुम्ही सारे आलात. गुढियारीतले जुने शेजारी आले, रेल्वेतले माझे सोबती आले, तेलीबांध्याच्या आमच्या बिल्डिंगमधले आले. माझ्या आधी बोलले ते सारेच छान बोलले. मले काही बोलता येईल असं वाटत नव्हतं. सकाळी घरी आरशासमोर उभा राहून पाहिलं, तर पहिलंच वाक्य तीनदा चुकलं. पोरगी म्हणाली, "बाबा, आप मत बोलो, मैं बोल दूँगी." मी म्हटलं, नाही. रजनी माझी बायको होती. तिचं कोणी खोटं कौतुक केलं तर ते थांबवाले मी इथं उभा पाहिजे.

आणि तसंच झालं. आत्ताच कोणी तरी म्हणालं, रजनीताई फार साध्या, त्यांना पैशाचा मोह नव्हता. मंडळी, हे खरं नाही. रजनीले पैसा आवडायचा. भारी आवडायचा. पण कसा? नवा. कोरा. ज्याले कोणाचा हात लागला नाही असा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारची टाकसाळ त्या त्या वर्षीच्या नाण्यांचा संच काढते. बाजारात कधी न फिरलेली नाणी, प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद. आधी पैसे भरायचे, मग सरकारच्या सवडीनं तो पोस्टानं घरी येते. आम्ही घरात त्याले नुसतं सेट म्हणायचो. आतल्या नाण्यांत किलोभर बटाटे यायचे नाहीत, आणि किंमत मोजायची त्याच्या कितीतरी पट! पहिला सेट घरी आला तेव्हा मी विचारलं, "काहून वं, सरकारले नोटा देऊन त्याच्याचपासून चिल्लर घेऊन राहिली तू?" ती म्हणाली, "चिल्लर नोहे हे. पाच वर्षं थांबा."

मी थांबलो. दुसरं काय करणार? पाच वर्षांनी तिनं तो सेट भनपुरीच्या मोहन भैयाले विकला. त्या पैशात तिनं नवे सेट घेतले, आणि मले एक स्वेटर आणला. मोहन भैया तिसऱ्या रांगेत बसले आहेत. धंदा ट्रान्सपोर्टचा, पण जीव सारा नाण्यांत. खात्री करून घ्याची असेल तर स्वेटर माझ्या अंगावर आहे.

घरातल्या लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा तिचा. त्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत, त्याच्यानं नाणी काळी पडतात म्हणे. मग काय होणार? माझ्या लग्नाच्या सुटाले कसर लागली. पाठीले चांगलं रुपयाएवढं छिद्र. मी कोट घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो, तर वरून खालून पाहून म्हणते, "कोटाचा भाव वाढणार होता काय?"

आणि सेट उघडायचा नाही. सील तुटलं, भाव गेला. नाण्यावर बोटाचा ठसा उमटला, भाव गेला. इतकी वर्षं माझ्या घरात नाणी होती, पण एकाही नाण्याले मी हात लावला नव्हता. पाहुण्यासारखं दुरून पाहायचं आणि कपाट लावून घ्यायचं.

मग आपलं राज्य झालं. तुम्हाले आठवत असेल, रायपूर राजधानी झालं म्हणून फटाके फुटून राहिले होते. तेलीबांध्याच्या पलीकडं तेव्हा धानाची शेतं, तिथं प्लॉट पडून राहिले होते. ऑफिसातले सोबती म्हणाले, भोयर, एक प्लॉट घेऊन टाक. मी घरी येऊन सांगितलं. रजनीनं नीट ऐकून घेतलं, विचार केला, आणि त्या वर्षाचे सेट मागवले. मिळतील तेवढे! म्हणाली, "राज्य एकदाच होते. या वर्षाचं नाणं पुन्हा निघणार नाही."

हसा, हसा. ज्यांनी प्लॉट घेतले ते आज आपल्या गाडीनं आले आहेत. मी ऑटोनं आलो. पण पुढं ऐका.

ते सेट यायले पुढची दिवाळी उजाडली. आम्ही तेव्हा गुढियारीत राहायचो, आणि माझी आई वर्ध्याहून आमच्याकडं आली होती. लक्ष्मीपूजनाचा दिवस. रजनी बाजारात गेली होती. आईले टेबलावर एक सेट दिसला. तिले वाटलं, सुनेनं पूजेसाठी नवी नाणी आणली, पण बिचारी प्लास्टिकमधून काढाले विसरली. आईनं विळीवर पाकीट कापलं. शेगडीतली राख घेतली. चिंच घेतली. नारळाची शेंडी घेतली. आणि घासली, मंडळी. आमच्या घरी पूजेची भांडी घासतात तशी घासली. मग पाटावर मांडली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हळद-कुंकू.

मी ड्यूटीवरून आलो तर हा प्रकार. तेवढ्यात मागून रजनी आली. पिशवी हातातच राहिली आणि ती दारात थांबली. आता या घरात काय होते? आई तर खुशीत! "पाह्य वं पोरी, कशी चमकून राहिली!" रजनी पाहतच राहिली. मग म्हणाली, "हो आई. छान निघाली." पुढं येऊन वाकली, आधी लक्ष्मीले नमस्कार, मग आईले. आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

मी मागं गेलो. ती भिंतीकडं तोंड करून उभी. खांदे हलून राहिले होते. मले वाटलं, रडते. आता काय समजूत काढावी? जवळ गेलो, तर तोंडात पदर कोंबून हसून राहिली होती. डोळ्यांतून पाणी. "अहो, राखेनं! टाकसाळीनं एवढी जपून पाठवली, अन् आईंनी राखेनं!"

मंडळी, त्या दिवशी मले माझी बायको कळली. लग्नाले बरीच वर्षं झाली होती, पण कळली त्या दिवशी.

आईले तिनं कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही. उलट आई दर दिवाळीले विचारायची, "माही नाणी कुठं आहेत वं?" रजनी काढून द्यायची, आई घासायची. आई गेल्यावर रजनी स्वतः घासाले लागली. राखेनंच. राख कुठून आणायची कोणास ठाऊक, तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये कुठली आली शेगडी? पण आणायची. त्या नाण्यांवरचे सिंह आता पार गुळगुळीत झाले आहेत.

बाकीचे सेट मात्र सीलबंद. त्यांचा भाव वाढून राहिला होता. मोहन भैया यायचे, "भाभीजी, अब तो दे दो." ती चहा द्यायची, सेट द्यायची नाही. "भैया, अभी नहीं." मीही म्हणायचो, विक आता, म्हातारे झालो. ती म्हणायची, "थांबा." आमच्या संसारात मी सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द हाच.

मागच्या वर्षी तिचं दुखणं कळलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून, काही न लपवता सांगितलं. येताना तलावाजवळ सिग्नलवर ऑटो थांबला, तेव्हा म्हणाली, "तुमचं कसं होईल?" मी म्हटलं, पेन्शन आहे, पोट्टी आहे, होईल. ती म्हणाली, "ते नोहे. तुम्हाले भाव करता येत नाही."

खरं आहे. भाजीवाली सांगते तो भाव मी देतो, आणि वर तिले धन्यवाद म्हणतो. रजनीले मरणाची भीती नव्हती, मी जवळून पाहिलं आहे. तिले भीती होती ती माझी. ती गेल्यावर कोणी तरी येईल, "काकाजी, बहुत दुख हुआ" म्हणेल, आणि मी त्याले चहा पाजून, सारं कपाट पिशवीत भरून देईन. जन्मभर थांबून राखलेलं एका चहात जाईल.

म्हणून तिनं स्वतः विकाले काढलं. खाटेवर, उशीले टेकून, फोनवर. अंगात ताकद नव्हती, ग्लास उचलवत नव्हता. पण फोन आला की काय आवाज व्हायचा! "भैया, रेट वही रहेगा." पलीकडचा म्हणायचा, भाभीजी, आपकी तबियत... "तबियत का रेट से क्या लेना-देना?" मी बाजूले बसून मोसंबी सोलायचो आणि हसायचो. ते दिवस वाईट होते असं मले म्हणवत नाही. आम्ही फार मजेत होतो.

राज्याच्या वर्षाचे सेट तिनं शेवटी दिले. मोहन भैया घ्याले आले. ती म्हणाली, "सील देख लो." ते म्हणाले, "भाभीजी, आपका माल है, क्या देखना!" "नहीं. देखकर लो." त्यांनी एकेक पाहिला. भाव तिच्या मनासारखा आला. प्लॉटाएवढा नाही, बाप्पा. पण तिच्या मनासारखा. त्या दिवशी तिनं वरण-भात मागून घेतला आणि पोटभर जेवली.

मी कपाट पुसाले गेलो. वरचा कप्पा रिकामा. कोपऱ्यात फक्त एक कुंकवाची डबी, तिच्यात आईनं घासलेली नाणी. मी विचारलं, याचं काय करू? म्हणाली, "ते तुमचे. त्याले कोणीच भाव देणार नाही, म्हणून तुमच्यापाशी राहतील." मग म्हणाली, "अन् हात लावत जा त्याले. चालते."

ही पाहा ती डबी.

मंडळी, आपल्याकडं दोन मिनिटं उभं राहाची पद्धत आहे. मी तुम्हाले थोडं वेगळं मागतो. ही नाणी पहिल्या रांगेतून मागं जाऊ द्या, हातोहात. प्रत्येकानं बोट लावा. ठसा उमटला तर उमटू द्या, पुसू नका. मोहन भैया, आप भी हाथ लगाओ, आज कोई रेट नहीं है. नाणी फिरत आहेत तोपर्यंत कोणी बोलू नका. तेवढंच आपलं मौन.

रजनी असती तर परत आल्यावर मोजून घेतली असती. मी मोजणार नाही. ही नाणी कधीच फिरली नाहीत, मंडळी. आज फिरू द्या.

उभे राहा. हे घ्या, पहिलं.