काका चौथ्यांदा विचारतात

काकांवर मी एकदा अशी ओरडले ना, अजून लाज वाटते. घाटकोपरला आमच्या घरी टीव्हीवर बॉक्सिंगची टायटल फाइट बघत होतो. तिसऱ्याच राउंडला एकतर्फी संपली.

"आता हा पाच वर्षं चॅम्पियनचा पट्टा सोडत नाही," पप्पा म्हणाले.

"पप्पा, त्याला अजून कोणी जोरात मारलंय कुठे?"

तेवढ्यात काकांनी चौथ्यांदा विचारलं, "कोण जिंकलं गं?" काका म्हणजे जुने बॉक्सर.

मी भडकले. "काका, लक्ष कुठे असतं तुमचं?"

काकी म्हणाली, "डोक्यावर मार खाऊन ह्यांच्या लक्षात राहत नाही गं. रिंगमध्ये हे पडले की 'ऊठ, ऊठ' म्हणून खालून कोण ओरडायचं, ते पप्पांना विचार."

मी वळून बघितलं. पप्पा टीव्हीचा आवाज वाढवत होते.