घोड्यावरून पडलेली पोर

नारीन गावात तंदूरच्या रोटीच्या रांगेत माझ्यापुढे बालवाडीच्या दोघी उभ्या होत्या, मोठ्या बाई आणि नवी मास्तरीण नुरझामल.

"बाई, माझ्या वर्गातल्या अइझादाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. मी आजच पोलिसांत कळवते."

"अगं, घोड्यावरून पडली ती. बापच सांगून गेला."

"घोडा कमरेला पट्टा बांधतो का?"

"जीभ आवर! चुलतभाऊ आहे तो माझा. लोक काय म्हणतील?"

"अख्खं नारीन तुमचा चुलतभाऊ. पोरगी तेवढी कुणाची नाही."

"पडली म्हटलं ना घोड्यावरून!"

"कुठल्या घोड्यावरून? त्यांचा एकुलता एक घोडा तर तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात जेवणाला कापला. पुठ्ठ्याच्या मांसाचा मानाचा वाटा तुम्हीच घरी नेलात!"

 मी मागून नुरझामलला म्हटलं, "मीही खाल्लाय तो घोडा. चल पोरी, साक्षीला येते."