पेटीतली चादर

अरे, माझी लेक भाषाशास्त्र शिकते. परवा म्हणाली, "बाबा, जी माणसं 'येतील'ऐवजी 'येतात' म्हणतात, उद्याचंही आजच्यासारखं बोलतात, ती म्हणे उद्यासाठी जास्त राखून ठेवतात."

मला आईच आठवली. नवी पेठेतून आणलेली चादर तिनं थेट पत्र्याच्या पेटीत टाकली. आम्ही भावंडं फाटक्या गोधडीत कुडकुडायचो. चादर मागितली की म्हणायची, "उद्या पावणे येतात की! त्यांना काय देऊ?" पावणे यायचे, पण त्यांनाही गोधडीच मिळायची.

आई गेली, पेटी माझ्याकडे आली. लेकीला हे सांगत परवा ती उघडली, तर चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

लेक म्हणाली, "आज मीच पांघरते."

मी पटकन पेटी लावली. म्हटलं, "राहू दे की. उद्या पावणे येतात."